समोर बसलेली माणसं: तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांच्या नोंदी

२ फेब्रुवारी, रविवार

गच्चीवरची खोली आज एकदाची रिकामी झाली. बाबांच्या वेळेपासून तिथं सुताची पोती, मोडकी सायकल आणि जुने आकाशकंदील पडून होते. वर पत्रा, एक दार आणि उत्तरेला चार फूट रुंदीची एक खिडकी. त्या खिडकीसाठीच हे सगळं चाललंय. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची गल्ली अरुंद आहे. खालच्या खोल्यांत दिवसातून तीनदा उजेड बदलतो, आणि उजेड बदलला की चेहरा बदलतो.

ठरवलेलं लिहून ठेवते. दिवाळीपर्यंत सहा व्यक्तिचित्रं. माप १६ बाय २० इंच. डोकं आणि खांदे, जमलं तर हात. माणूस समोर बसलेलं असेल तेव्हाच ब्रश हातात घ्यायचा. फोटो काढायचा नाही, मोबाइलवरही नाही, नुसता संदर्भाला म्हणूनही नाही. फोटो का नको, ते पुढं लिहीन.

रंग सातच ठेवलेत: टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, इंडियन रेड, अल्ट्रामरीन, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक. सेटमध्ये फ्लेश टिंट नावाची गुलाबी ट्यूब होती, ती शाळेच्या कपाटात ठेवून दिली. तशा रंगाची कातडी आमच्या गल्लीत कुणाचीच नाही. गेली अठरा वर्षं मी मुलांना चित्रकला शिकवते. दरवर्षी कुणीतरी तोच गुलाबी रंग आपल्या आईच्या चेहऱ्याला लावतं, आणि दरवर्षी मला वाईट वाटतं.

६ फेब्रुवारी

तयार कॅनव्हास महाग पडतो, म्हणून मांजरपाट आणून चौकटीवर ताणला. कापडाच्या गावात राहून कापड बाहेरून कशाला मागवायचं, असा विचार होता. पण मांजरपाट फार विरळ निघाला. गेसोचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा, पहिला हात मागच्या बाजूला झिरपला आणि वाळल्यावर कापड मधोमध सैल पडलं. ओळखीच्या दुकानदाराने तंबूचं जाड सुती कापड काढून दिलं, ते चांगलं बसलं. त्यावर गेसोचे तीन हात दिले आणि प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर मारला. गेसो नीट हवाच. जवसाचं तेल थेट सुताला लागलं तर काही वर्षांत सूत कुजून ठिसूळ होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिलं माणूस, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. एका दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी संपवून थेट इकडंच आली. पोहे खाल्ले आणि खुर्चीत बसली. खुर्चीच्या पायांभोवती आणि तिच्या चपलांभोवती खडूने खुणा केल्या, म्हणजे उठून परत बसताना जागा चुकत नाही. २५ मिनिटं बसायचं आणि १० मिनिटं मोकळं, असं ठरलं होतं.

कॅनव्हास तिच्या शेजारी, तिच्या डोक्याच्या उंचीला उभा केला. मी मागं मागं जात दाराबाहेर गच्चीवर जाते, तिथून दोन्ही एका नजरेत बघते, काय बदलायचं ते तिथंच ठरवते आणि पुढं येऊन तेवढाच एक फटकारा मारते. जवळ उभं राहून ठरवायला गेलं की पापणीचा केस दिसतो आणि कवटीचा आकार हातातून जातो. डोळे बारीक करून बघितलं की चेहऱ्याचे दोनच भाग उरतात, उजेडातला आणि सावलीतला. पहिला तास फक्त या दोन भागांची हद्द आखण्यात गेला. रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून वापरला, बाकी काही नाही.

पाऊण तासाने तिची मान कलली. झोपली होती. उठवावंसं वाटलं नाही. तशीच तासभर रंगवत राहिले.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज तिला सुट्टी होती, म्हणून संध्याकाळी चारला आली. झोप पूर्ण, केस धुतलेले, डोळ्यांत काजळ. दुसरीच बाई समोर बसली होती. मागच्या रविवारी पापण्या सुजलेल्या होत्या, गाल खाली ओढलेले होते, ओठांचे कोपरे सैल. आज सगळं घट्ट. दोन तास काम केलं आणि गच्चीवर जाऊन बघितलं, तर डावी बाजू रात्रपाळीची आणि उजवी बाजू सुट्टीची.

ए.टी.डी.ला, म्हणजे कलाशिक्षक पदविकेला, असताना शाळेचे शिपाईमामा मॉडेल म्हणून बसायचे. दोन-दोन तास हलायचे नाहीत, आणि चेहऱ्यावर काही येऊही द्यायचे नाहीत. ते बसणं हे एक कसब होतं हे मला आज समजलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ सालची. तिथं समोर माणूस बसवून शिकण्याची वहिवाट जुनी आहे. सोलापुरात बसायला माणूस मागितलं तर आधी विचारतात, "आजारी पडल्यासारखं का बसवूलालीस?"

२३ फेब्रुवारी

सगळं खरवडलं. रंग अजून ओला होता, पॅलेट नाइफने सहज निघाला. खाली अंबरची सावली राहिली, ती तशीच ठेवली. यापुढं तिने फक्त रात्रपाळीनंतरच यायचं, असं दोघींनी ठरवलं.

२ मार्च, रविवार

झोपलेला चेहरा किती खरा असतो. आज सकाळी नऊ ते साडेअकरा. वरच्या पापणीचा फुगीर आकार एकाच ब्रशने, एकाच दमात आला. अशी गोष्ट महिन्यातून एकदा होते. मिटलेले डोळेच ठेवायचे असं मी मनात पक्कं केलं होतं.

दुपारी तिची आई आली. चित्राकडे बघून मागं सरकली आणि म्हणाली, "मिटलेले डोळे नको गं. गेलेल्या माणसासारखं दिसतं." मैत्रीण हसली, पण आईंना हसू आलं नाही. मलाही आलं नाही. आमच्या भागात घरोघरी भिंतीवर ज्यांचं चित्र असतं ते माणूस बहुतेक गेलेलंच असतं. जिवंत माणसाचं चित्र लावायची रीतच नाही. मिटलेल्या डोळ्यांचं चित्र त्यांनी रोज बघावं असं मी कसं म्हणणार?

९ मार्च

शेवटी डोळे अर्धे उघडे राहिले. झोपेतून हाक मारल्यावर क्षणभर उघडतात तसे. तो क्षण टिकत नाही, म्हणून मी दर पाच मिनिटांनी तिला हाक मारत होते आणि ती दर वेळी खरोखर डोळे उघडत होती. तिच्या आईंना पसंत पडलं. पहिलं चित्र झालं.

१६ मार्च, रविवार

दुसरं माणूस, समोरच्या घरातल्या अक्का. घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. नात आमच्या शाळेत आठवीला आहे, म्हणून मला "बाई" म्हणतात. बसायचे पैसे देईन म्हटलं तर रागावल्या. मग म्हणाल्या, "बसते बाई, पण हात थांबायचे नाहीत. हजार व्हायला पाहिजेत." हजार म्हणजे दिवसाच्या बिड्या.

मी घाबरले होते, हात चालू असताना चेहरा कसा मिळणार? पण अक्कांइतकं चांगलं मॉडेल मला मिळालेलं नाही. मांडीवर पत्र्याचं सूप. भिजवलेलं पान मापावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोकं आत दाबायची. एका बिडीत डोकं चार ठिकाणी जातं आणि पुढच्या बिडीला त्याच चार ठिकाणी परत येतं. मी त्यातली एक जागा निवडली, दोरा गुंडाळतानाची. तेव्हा मान खाली असते आणि नजर बोटांवर. अर्ध्या मिनिटाने तो चेहरा जसाच्या तसा परत येतो, कान आणि जबडा त्याच ओळीत. मी ओळंबा धरून दोनदा तपासलं. चाळीस वर्षांच्या कामाने त्यांच्या मानेला ती जागा पाठ करून दिली आहे.

खालून त्यांच्या हनुवटीवर फिकट उजेड पडत होता. पंधरा मिनिटं तो कुठून येतोय ते समजेना. मग सूप दिसलं. खिडकीतलं आकाश पत्र्यावर पडून वर येत होतं.

२३ मार्च, रविवार

आज फक्त रंगाचं लिहिते, कारण इथं बरंच शिकले.

अक्कांचा वर्ण गडद सावळा. पुस्तकातल्या बहुतेक सूचना गोऱ्या कातडीसाठी लिहिलेल्या असतात: मधला रंग घ्या, उजेडासाठी त्यात पांढरा वाढवा. अक्कांच्या कपाळावर तसं केलं की रंग उजळत नाही, पिठूळ होतो. कपाळावर राख फासल्यासारखं दिसतं. नीट बघितल्यावर कळलं की गडद कातडीवर उजेडाचा मोठा भाग हा कातडीचा रंग नसतोच, तो खिडकीचा रंग असतो. कपाळाचा उंचवटा, नाकाची दांडी आणि गालाचं हाड ही तेल लावलेल्या लाकडासारखी आकाश परत देतात, आणि उत्तरेचं आकाश निळं. म्हणून तिथं पांढऱ्यात थोडा काळा आणि अल्ट्रामरीनचा कण. तो करडा-निळा ठिपका बाजूच्या तांबूस रंगावर बसला आणि कपाळ गोल झालं.

सावलीत मात्र पांढरा शून्य. बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि जरासा इंडियन रेड, पातळ, खालचं कापड दिसेल इतका. सावली ऊबदार आणि पारदर्शक ठेवली, उजेड थंड आणि जाड ठेवला.

स्वीडनचे अँडर्स झॉर्न (१८६० ते १९२०) यांच्या नावाने ओळखला जाणारा चार रंगांचा संच पूर्वी करून बघितला होता: पांढरा, काळा, यलो ऑकर आणि शेंदरी लाल. त्यातला एक धडा इथं कामाला आला. काळा आणि ऑकर मिसळला की शेवाळी हिरवा येतो. अक्कांच्या गळ्याशी, जिथं मान साडीच्या सावलीत जाते, तिथं नेमका तोच हिरवट रंग आहे. आपल्याकडच्या सावळ्या वर्णात हा हिरवा फार असतो आणि आपण तो बघत नाही.

दोन्ही नाकपुड्यांतल्या चमक्या सगळ्यात शेवटी. प्रत्येकीला एक ठिपका. दुसऱ्यांदा हात लावला नाही.

२४ मार्च

सकाळी बघितलं तर पदराच्या ओल्या रंगात तंबाखूचे कण चिकटलेले. वाळल्यावर सुईने काढता येतील. पाच-सहा काढेन, बाकीचे राहू देईन असं वाटतंय.

अक्कांनी चित्र बघून पहिलं वाक्य काय म्हणावं? "बोटं बरोबर हैत." चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही. मग नातीला बोलावून तेलुगूत काहीतरी सांगितलं. नात म्हणाली, "अक्का म्हणते, दोरा डाव्या बाजूला हवा होता." खरंच चुकलं होतं. दुरुस्त केला.

२९ मार्च, शनिवार

पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन आले. ट्यूब, दोन डुकराच्या केसांचे ब्रश, जवसाचं तेल. वेळ काढून बालगंधर्व रंगमंदिरात गेले. १९६८ साली उभ्या राहिलेल्या या नाट्यगृहात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुष वेशातलं, एक स्त्री भूमिकेतलं. छापील चित्रं खूपदा पाहिली होती, पण छपाईत रंगाची जाडी दिसत नाही. मी बराच वेळ फक्त एवढंच बघत होते की एकच माणूस दोन चित्रांत ओळखू कसा येतो. वेश वेगळा, उभं राहणं वेगळं, तरी शंका येत नाही. रंगमंदिराची कोनशिला बालगंधर्वांच्याच हातची, १९६२ सालची, पण उद्‌घाटन बघायला ते नव्हते. १९६७ मध्ये गेले. परतीच्या गाडीत हेच डोक्यात होतं.

६ एप्रिल, रविवार

माझा जुना विद्यार्थी, चादरीच्या कारखान्यात कामाला आहे. एकाच बैठकीत, ओल्यात ओला रंग, तीन तासांत. दाढी छान आली, नाक जरा लांब झालं. त्याला आवडलं, मलाही बरंच. मधेच खालून हाक आली, "पाणी आलं!" आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे चित्र सोडून दोघं घागरी भरायला धावलो. परत येईपर्यंत पॅलेटवरचं टर्पेंटाइन उडून गेलं होतं.

१० एप्रिल

हे ठळक अक्षरांत भिंतीवर लावायला हवं. रंग पुसलेली फडकी काल कोपऱ्यात गोळा करून टाकली होती. आज दुपारी वर गेले तर खोलीत करपट वास आणि फडक्यांचा गोळा हाताला चांगला गरम लागला. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता सुटते. फडकी चुरगळून एकत्र पडली की ती उष्णता आतच कोंडते आणि त्यांना आपोआप आग लागू शकते. वर पत्रा, बाहेर पारा ४० च्या वर. आता झाकणाचा स्टीलचा डबा पाण्याने भरून ठेवलाय, फडकं त्यातच जाणार. खोली बंद करताना पहिलं काम ते.

१३ एप्रिल, रविवार

चौथं माणूस, काका. बाबांचे गिरणीतले जोडीदार. दोघं एकाच खात्यात साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, शेजारशेजारच्या साच्यांवर, तिसरी पाळी असायची तेव्हा पहाटे एकाच सायकलवरून घरी यायचे. गिरणी बंद पडली, बाबा गेले, काका ७९ वर्षांचे झाले. साच्यांच्या आवाजाने कान बरेच गेलेत.

डोकं अप्रतिम. कपाळ उंच, कानाच्या पाळ्या लांब, गालांवर उभ्या दोन खोल रेषा. पण बैठक जमली नाही. काका अवघडून बसले होते. मी मोठ्याने ओरडून सांगत होते, "काका, हनुवटी जरा वर!", तरी ते गोंधळल्यासारखे बघत राहायचे. नजर माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत फिरायची. टर्पेंटाइनच्या वासाचा मला अलीकडे त्रास होतो म्हणून नाकातोंडावर ओढणी बांधलेली असते. दोन तासांत ते चार वाक्यंही बोलले नाहीत. त्यांना हे आवडलं नसावं, असं समजून मी खट्टू झाले.

२० एप्रिल, रविवार

ऊन वाढलंय म्हणून काकांना सकाळी साडेसातलाच बोलावलं. नवीच अडचण. खिडकीच्या चौकटीला घासून उन्हाची पट्टी आत आली आणि त्यांच्या खांद्यावर पडली. उत्तरेच्या खिडकीत ऊन!

कागद घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. चित्रकाराने उत्तरेचा उजेड घ्यावा हे मी तरुणपणापासून वाचत आले, पण ते लिहिणारे लंडन-पॅरिसकडचे. तिथं दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवू लागतो, म्हणून सकाळचं ऊन आत येतं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, काठीची सावली काठीखालीच जाते, आणि मग ऑगस्ट लागेपर्यंत दुपारीही तो आमच्या उत्तरेलाच असतो. म्हणजे माझी खिडकी वर्षातून जवळजवळ तीन महिने दक्षिणेच्या खिडकीसारखी वागणार. दुपारचं ऊन छज्जा अडवेल, सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन अडवणार नाही. तूर्त साडेनऊनंतर बसायचं, आणि मलमलचा पांढरा पडदा शिवून घ्यायचा.

चित्रात डोळे काही केल्या जमत नाहीत. बाहुल्या तीनदा पुसल्या.

२७ एप्रिल, रविवार

आज डोळ्यांचं मोजमाप नीट केलं. दोन्ही डोळ्यांतलं अंतर, पापणीची उंची, भुवईपासूनची जागा, सगळं बरोबर. तरी चित्रातला माणूस काका नाही. मी नजर थेट समोर ठेवते, बघणाऱ्याच्या डोळ्यात डोळे, आणि चेहरा परका होतो. पहिल्यासारखंच घडतंय, हे लिहितानासुद्धा हात जड झालाय.

फोटो का नको ते आता लिहिते. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. दहाव्याच्या आधी चित्र हवं होतं, आणि घरात चित्र काढणारी मीच. बाबांचा एकट्याचा फोटो एकच सापडला, गिरणीच्या पासवरचा. मुठीत मावेल एवढा, समोरून, कॅमेऱ्यात रोखून बघणारा. त्यावरून तैलचित्र केलं. नातेवाईक म्हणाले हुबेहूब. त्याला चंदनाचा हार घातला, तो अजून आहे. मी एकतीस वर्षं ज्या माणसाबरोबर जेवले, त्याच्यासाठी मला पासवरून चेहरा उसना घ्यावा लागला. एकदाही समोर बसवलं नव्हतं. आणि त्या चित्रात काय चुकलंय ते मला कधी सांगता आलं नाही. आजही तसंच वाटलं.

४ मे, रविवार

काकांची चौथी बैठक. साडेदहाला चहा आला म्हणून ओढणी खाली केली. कप देताना नेहमीच्या आवाजात, ओरडून नव्हे, म्हटलं, "साखर कमी आहे का?" काका लगेच म्हणाले, "बराबर हाय." मग बोलू लागले. बाबांनी एकदा साच्यातला आडवा धागा नेणारा धोटा उडून दंडाला लागला तरी पाळी पुरी केली, ते सांगितलं. ताण्याचा तुटलेला उभा धागा बोटांनी कसा सांधायचे ते हवेत करून दाखवलं. पंधरा मिनिटं थांबले नाहीत. चहा संपला, मी ओढणी बांधली, आणि काका एकदम गप्प.

मी विचारलं. त्यांना कळलं नाही. ओढणी सोडून पुन्हा विचारलं.

"आगं पोरी, तू तोंडाला फडकं बांधल्यावर मला काय कळणार? मी तोंड बघून ऐकतो की."

साच्यांच्या खात्यात आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं कानाने ऐकू येत नाही. म्हणून सगळेच ओठ बघून बोलायला शिकतात. तीस वर्षं तसं केल्यावर नजर तिथंच राहते. काका माझ्या डोळ्यांत बघतच नव्हते. ते तीन बोटं खाली, माझ्या ओठांकडे बघत होते, आणि मी चार आठवडे ती नजर उचलून वर बसवत होते. ओढणीमुळे त्यांना बघायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ती शोधत फिरत होती.

विचारलं, "बाबापण असंच बघायचे का?"

"साच्यावर सगळेच तसं. न्हाईतर कळणार कसं?"

लहानपणी मला वाटायचं, बाबा माझ्याशी बोलताना नजर चुकवतात. प्रगतिपुस्तक दाखवताना, पैसे मागताना, लग्न करणार नाही हे सांगताना. मी मनात धरून ठेवलं होतं ते. ते ऐकत होते.

त्यानंतर तासभर ब्रश हातात घेतला नाही.

७ मे

सुट्टी लागली, आता रोज बसता येईल. टर्पेंटाइन बंद केलं. ब्रश जवसाच्या तेलात धुते, नंतर साबणाने. वेळ लागतो, पण ओढणी लागत नाही. हात चालू असताना काकांशी बोलत राहते, म्हणजे नजर जागेवर राहते. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले होते, आता वरच्यात तेल जास्त जातंय, तो क्रम योग्यच आहे. उलटं केलं असतं तर पुढं तडे गेले असते.

बाहुल्या फक्त एका ब्रशाच्या टोकाएवढ्या खाली आल्या. वरच्या पापणीने बाहुलीचा जास्त भाग झाकला, खालची पापणी जराशी सैल झाली, आणि भुवया आपोआप वर गेल्या. चेहरा ऐकू लागला. दुसरा शब्द मला सापडत नाही.

१३ मे

गालांवरच्या रेषा. त्या रेषा नाहीत, दोन उतार भेटतात ती जागा आहे. रेघ काढली की सुरकुती काढल्यासारखी दिसते. एका बाजूचा रंग थंड, दुसऱ्या बाजूचा ऊबदार, आणि मधली हद्द ओल्या रंगातच कोरड्या ब्रशने मोडली. डाव्या गालाची झाली, उजव्याची उद्या. रॉ अंबर असलेले भाग रात्रीत वाळतात, काळा-पांढरा असलेले केस चार दिवस चिकट राहतात. त्याप्रमाणे कामाचा क्रम लावावा लागतो.

१८ मे, रविवार

काकांचं चित्र थांबवलं. कानाची मागची बाजू आणि सदऱ्याची कॉलर अर्धवट आहे, ती तशीच राहील.

मैत्रीण आणि अक्का दोघी बघायला आल्या होत्या. अक्का काकांचे हात शोधत होत्या, चित्रात हात नाहीत म्हणून हळहळल्या. काका चष्मा लावून पुढं गेले, मागं आले, पुन्हा पुढं गेले.

"ह्यो कुठं बघूलालाय?"

"माझ्याकडं, काका. बोलताना."

"हां. तोंडाकडं बघूलालाय." बराच वेळ बघत राहिले. "मग बराबर हाय."

वॉर्निश लगेच लावता येणार नाही. रंग वरून वाळला तरी आत ओला असतो, सहा महिने तरी थांबायचं, म्हणजे दिवाळीनंतर. तोवर चित्र भिंतीकडे तोंड करून नाही, उजेडात ठेवायचं, अंधारात तेल पिवळं पडतं. मलमलचा पडदा लागलाय. पाचव्या चित्रासाठी मैत्रिणीच्या आई हो म्हणाल्या आहेत, त्यांनी स्वतःहून विचारलं. खालच्या खोलीतल्या बाबांच्या चित्राला हात लावलेला नाही.

काका निघाले तेव्हा गल्लीतले दोन्ही कारखाने चालू होते. साच्यांची खटखट इतकी की गच्चीवरून हाक मारूनही खाली काही पोहोचलं नसतं. वळणापाशी जाऊन त्यांनी वर बघितलं. मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "पुढच्या रविवारी जेवायला या."

त्यांनी हात वर केला आणि खालूनच विचारलं, "भाकरी का पोळी?"

ते मी वाचलं.